चार बोटं अंतर

कुंभकोणमची थंडी बातमी होण्याच्या लायकीची नसते. पुण्यातल्या एका दैनिकात मी बावीस वर्षं उपसंपादकाच्या खुर्चीत काढली. पारा उतरल्याच्या बातम्यांना मथळे देणं हे हिवाळ्यातलं ठरलेलं काम होतं. त्या दिवसांत 'कुंभकोणम गारठले' असा मथळा मी दिला असता तर मुख्य उपसंपादकांनी आधी माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं असतं. मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतच्या महिन्यात, इथे पहाटे एकवीस अंश असतात. फार तर एकोणीस. एवढ्यात पुणेकर पंखा लावून झोपतो. इथला माणूस माकडटोपी घालतो, वरून टॉवेल गुंडाळतो आणि भेटेल त्याला गंभीर चेहऱ्यानं गारठ्याची खबर देतो. नोकरी सोडून परत आले त्या वर्षी मी हसले. दुसऱ्या वर्षी माकडटोपी घेतली.

वडिलांच्या छातीला मात्र अंशांशी देणंघेणं नव्हतं. कावेरीवरून धुकं यायचं, इन्नंबूरकडच्या भातखाचरांतली ओल यायची, आणि पहाटे साडेचारला मागच्या अंगणातून शिट्टी ऐकू यायची. बारीक, लांब, शेवटी किंचित वर चढणारी. ती श्वास सोडताना यायची, घेताना नाही. नोंद ठेवायची सवय लवकर जात नाही. काही दिवस मी वेळा लिहून ठेवल्या. ती वही आईच्या हाती लागली.

"बाप धापा टाकतो आणि लेक वेळ लिहून घेते," ती म्हणाली. "बरवें."

आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडे आलं ते इकडेच राहिलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची घरची भाषा ऐकून पुण्यातले सहकारी म्हणत, बखर उठून बोलायला लागल्यासारखं वाटतं. त्या बखरीत दम्याला शब्द होता, इनहेलरला नव्हता. अप्पा, म्हणजे वडील, त्याला पंप म्हणत. त्यांच्या तोंडी ते शोभायचं. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात अभियंता म्हणून त्यांनी चौतीस वर्षं या गावाला पाणी पाजलं. कोणत्या गल्लीतला व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत उघडतो हे शहात्तराव्या वर्षीही त्यांना पाठ आहे, आणि कोणी विचारलं नाही तरी ते सांगतात.

मार्गळीत रोज पहाटे पाचला देवळासमोरून भजन निघतं. दहा-बारा पुरुष, गळ्यात अडकवलेली एक पेटी, एक मृदंग. देवळाभोवतीचे चार रस्ते फिरून ऊन पडायच्या आत परत. अप्पा त्यात एकेचाळीस वर्षं होते. हातात पितळी टाळांची लहान जोडी आणि गळ्यात दुसरा आवाज. म्होरक्यानं ओळ म्हणायची, ती अप्पांनी उचलायची, मग बाकीच्यांनी. गेल्या वर्षी आठव्या दिवशी ते रस्त्याच्या कडेला बसले आणि तिथून थेट इस्पितळात गेले. बारा दिवस तिथे होते. उरलेले दिवस घरी खिडकीशी बसून भजन ऐकत राहिले आणि दुसरा आवाज कुठे चुकतो ते आईला सांगत राहिले. तो आवाज म्होरक्यांच्या जावयाचा होता. चेन्नईचा, संगणकातला, सुट्टीवर आलेला. मोबाइलमध्ये बघून म्हणायचा.

म्होरक्यांना सगळं गाव भागवतर म्हणतं. ते तमिळ, अप्पांचे शाळेपासूनचे मित्र. यंदा मार्गळी लागायच्या महिनाभर आधी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. बाहेर पाऊस होता.

"रायर," ते म्हणाले. आमच्या लोकांना इथे रायर म्हणतात. "जावई यंदा पूर्ण महिना इथेच आहे. घरून काम. त्याला भजनाची आवड आहे."

"आवड आहे. ताल नाही."

"ताल येईल. तुम्हाला श्वास येईल का?"

"येईल."

"गेल्या वर्षी माझं निम्मं लक्ष देवाकडे होतं, निम्मं तुमच्याकडे."

"देवाकडे निम्मं होतं हे ऐकून बरं वाटलं," अप्पा म्हणाले.

भागवतरांनी कॉफीचा पेला उचलला, ओठांपासून चार बोटं वर धरला आणि एक घोट आत सोडला. थेंब सांडला नाही. "सरळ सांगतो. पहिले आठ दिवस पाहू. पण महिन्यात कधीही छातीतून शिट्टी ऐकू आली तर टाळ जावयाकडे. कायमचे. भर रस्त्यात कोणी बसलेलं मला पुन्हा बघायचं नाही." मग पेला खाली ठेवत म्हणाले, "आणि तो पंप सोडा. एकदा लागला की सुटत नाही."

"कॉफीही सुटत नाही," आई आतून म्हणाली. "दुसरी आणू?"

ते गेल्यावर अप्पांनी टाळ कपाटातून काढले, चिंच लावून घासले आणि परत ठेवले. त्यांच्या छातीत त्या वेळी शिट्टी वाजत होती.

डॉक्टर बाई छातीच्या. त्या अप्पांना सार, म्हणजे इथल्या उच्चारात सर, म्हणतात आणि त्यांची फाइल वर्षानुवर्षं सांभाळतात. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी दोन पंप दिले होते. तपकिरी रोजचा, सकाळी दोन दाब, संध्याकाळी दोन. तो आतली सूज हळूहळू उतरवतो, लगेच काही जाणवत नाही, म्हणून अप्पांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. पण सरकारी नोकरीची शिस्त म्हणून ते तो घेत. निळा अडचणीचा. आवळलेल्या नळ्या तो काही मिनिटांत मोकळ्या करतो. त्यावर अप्पांचा विश्वास होता, आणि तरी तो फारसा चालत नसे.

"तपकिरीवरचा उरलेल्या दाबांचा आकडा बरोबर उतरतोय," डॉक्टर म्हणाल्या. "एकही दिवस चुकलेला नाही. निळा गरजेपेक्षा जास्तच उतरतोय. मग औषध जातंय कुठे?"

काय, केव्हा, कोण, कसं, का या प्रश्नांची उत्तरं फाइलमध्ये होती. 'कुठे' तेवढं रिकामं होतं. आता गोळ्या सुरू कराव्या लागतील, आणि त्या या वयात हाडांना, साखरेला बऱ्या नाहीत, असं त्या म्हणाल्या. आणि मला बाजूला घेऊन, "त्याआधी ते पंप कसा घेतात ते एकदा बघा. सांगू नका काही. नुसतं बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारात उभी राहिले. अप्पा तुळशीवृंदावनापाशी आले. पंप हातात. मान मागे, तोंड उघडं. पंप त्यांनी ओठांपासून चार बोटं वर धरला, नेम घेतला आणि दाबला. तिरपं ऊन होतं, त्यामुळे फवारा स्वच्छ दिसला. थोडा त्यांच्या मिशीवर गेला. एक झुळूक त्यांच्या चष्म्यावर गेली. बाकीचा डावीकडे वळला आणि तुळशीत शिरला. अप्पांनी तोंड मिटलं, घोट घेतल्यासारखं गिळलं आणि पुन्हा दाबला.

हे समजायला इथली पेल्याची रीत माहीत हवी. आमच्या घरांत भांड्याला ओठ लावत नाहीत. पाणी असो, ताक असो, कढत कॉफी असो. भांडं वर धरायचं आणि धार आत सोडायची. ओठ लागला की ते उष्टं. लहान मूल चालायला शिकतं त्याच सुमारास हेही शिकतं, आणि पुढे आयुष्यभर विचार न करता करतं. नऊ वर्षांत अप्पांना प्रत्येकानं विचारलं होतं, पंप रोज घेता ना? ते खरं उत्तर देत होते. घेऊन दाखवा, असं कोणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि माझं तर प्रश्न विचारण्यावर पोट चाललं होतं.

"अप्पा, हें काय?"

"औषध."

"तो ओठांत धरायचा असतो."

"ओठांत कशास? वरून जातें आहे कीं."

"तुळशींत जातें आहे."

त्यांनी तुळशीकडे पाहिलं. "थोडें जाईल. वितरणांत गळती धरूनच चालावें लागतें."

"थोडें नव्हे. सगळेंच."

"ओठ लावला कीं उष्टें झालें. तें उष्टें कपाटांत ठेवायचें आणि संध्याकाळीं पुन्हा तेंच तोंडांत घ्यायचें? हें काय वागणें?"

"दांत घासायचा ब्रश काय करतो?"

"तो न्हाणीघरांत असतो," अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

आईला सांगितलं तेव्हा ती आधी अंगणात जाऊन तुळस बघून आली. तुळस दाट होती, टवटवीत होती, गावात अशी नसेल. "हिला धाप लागली नाहीं कधीं, खरें," ती म्हणाली.

दवाखान्यात पंप शिकवणारी एक सिस्टर आहे. तिरुनागेश्वरमहून बसने येते. मी झाला प्रकार सांगितला. ती हसली नाही. असे तिच्याकडे बरेच येत असावेत. तिनं अप्पांच्या हातातली काळी छत्री घेतली, भिंतीला टेकवली, चार बोटांवरून पंप दाबला. काळ्या कापडावर पांढरट डाग उमटला.

"सार," ती म्हणाली, "छत्रीला दमा नाही."

मग तिनं पहिल्यापासून करून घेतलं. आधी पंप चांगला हलवायचा. अप्पा नऊ वर्षांत कधी हलवत नव्हते. मग श्वास पूर्ण बाहेर सोडायचा. मग पंपाचं तोंड ओठांत घट्ट धरायचं, श्वास हळू आत घ्यायला लागायचं आणि त्याच क्षणी दाबायचं. आत घेतलेला श्वास दहा मोजेपर्यंत धरायचा. दुसरा दाब लगेच नाही, अर्ध्या-एक मिनिटानं. रिकाम्या पंपावर अप्पांनी करून दाखवलं. दाबणं आणि श्वास यांची गाठ पडेना. कधी आधी दाबत, कधी नंतर, आणि श्वास तर घाबरलेला माणूस घेतो तसा एका झटक्यात.

"एकेचाळीस वर्षं गाताय ना, सार?"

"गाण्यात दाबायला काही नसतं."

तिनं खणातून स्पेसर काढला. पारदर्शक प्लास्टिकची लांबट पोकळी. एका टोकाला पंप बसतो, दुसऱ्या टोकाला तोंड, मधे एक पातळ पडदा, एकाच दिशेला उघडणारा. पंप आधी त्यात दाबायचा, औषध तिथे थांबतं, मग माणसानं सावकाश ओढून घ्यायचं. अप्पांनी तो उजेडाकडे धरला. पडद्यात फुंकर मारून पाहिली. त्यांचा चेहरा बदलला.

"ही ओव्हरहेड टाकी," ते म्हणाले.

"काय, सार?"

"पंपातून थेट घराच्या नळात पाणी सोडलं तर काय होतं? नळ उडतो, निम्मं पाणी रस्त्यावर. म्हणून आधी टाकीत चढवायचं. दाब तिथे मरतो. मग ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं घ्यावं. आणि हा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. हे आधी का दिलं नाही मला?" पुढची दहा मिनिटं त्यांनी सिस्टरला दाबाचं शास्त्र समजावलं. बाहेर बाकावर सहा जण खोकत होते.

"बरोबर, सार," शेवटी ती म्हणाली. "आता टाकीच्या नळाला तोंड लावा."

अप्पा थांबले. "नळाला तोंड?"

अडचण जिथे होती तिथेच राहिली, फक्त एक वीत पुढे सरकली. त्यांनी स्पेसर विकत घेतला, घरी आणला, स्वच्छ धुऊन वाळवला आणि चार दिवस त्याच्याकडे नुसतं आदरानं पाहिलं.

प्रश्न सोडवला आईनं. ती अप्पांशी पंचावन्न वर्षं माझ्यामार्फत, माझ्या आधी सासूमार्फत आणि कोणी नसेल तर भिंतीमार्फत बोलत आली आहे.

"विचार त्यांना," ती मला म्हणाली, "तो तपकिरी घेतल्यावर काय करायला सांगितलें आहे?"

मी सांगितलं. त्यानंतर चूळ भरायची, गुळण्या करायच्या, पाणी थुंकून टाकायचं. नाहीतर औषध घशात राहतं आणि तोंड येतं.

"मग हें जेवणच झालें. जेवतांना हात तोंडास लागतोच. उष्टा हात घेऊन कोणी देवघरांत जातो काय? उठतात, हात धुतात, चूळ भरतात, संपलें. त्यांना सांग, हें दोन घांसांचें जेवण आहे. जेवायच्या जागीं बसून घ्यावें."

अप्पांनी वर पाहिलं.  या युक्तिवादात गळती नव्हती.

त्या दिवसापासून ते सकाळ-संध्याकाळ पाटावर बसून पंप घेऊ लागले. समोर पाण्याचा तांब्या. पंप हलवायचा, टाकीत दाबायचा, ओठ मिटून ओढायचं, श्वास धरून मांडीवर बोटांनी ताल मोजायचा. आठ मात्रांचं एक आवर्तन आणि वर दोन. मग अंगणात जाऊन चुळा. सिस्टरनं एक चूळ सांगितली होती, अप्पा अकरा भरत. डॉक्टर पुढे म्हणाल्या, त्यांचे निम्मे रोगी चूळ भरायचंच विसरतात; आमच्याकडे तक्रार उलटी होती.

तपकिरी पंपानं आपलं काम करायला तीन आठवडे घेतले. निळ्याची गरज कमी होत गेली. शिट्टी ऐकू आली की मी वहीत एक रेघ मारायचे. शेवटच्या पानावर रेघाच नव्हत्या.

मार्गळीच्या आदल्या दिवशी नवं भांडण निघालं. देवाचं काही करायचं तर अप्पा मडीचं धोतर नेसतात. मडी म्हणजे सोवळं. धुतलेलं धोतर काठीनं उंच दांडीवर टाकायचं, कोणी शिवायचं नाही, सकाळी नेसायचं. मार्गळीच्या धुक्यात ते रात्रभरात वाळत नाही. अप्पा दरवर्षी तसंच ओलसर नेसून उघड्या छातीनं पहाटे बाहेर पडत. शिवाय पंप मडीला शिवलेला चालत नाही, म्हणून तो घरी राही. गेल्या वर्षी ते रस्त्यात बसले तेव्हा निळा पंप कपाटात होता.

आईनं रेशमी सोवळं काढून ठेवलं आणि धाबळी, म्हणजे लोकरीची शाल. रेशीम आणि लोकर विटाळत नाहीत, हे तिच्या आईनं तिला शिकवलं होतं.

"रेशीम लग्नांत नेसतात," अप्पा म्हणाले. "आणि अंगावर घोंगडें घेऊन भजन? म्हातारा दिसेन मी."

"विचार त्यांना, इस्पितळांत काय नेसले होते? हिरवा झगा. मागून उघडा. बारा दिवस. तेव्हां मडी कोठें होती?"

आईनं आपल्या एका जुन्या रेशमी पातळाचा काठ कापून पिशवी शिवली. निळा पंप आणि टाकी आत, दोरी गळ्यात. रेशमाच्या आत असलेलं काहीही मडीला बाधत नाही, हा नियम तिनं स्वतः केला असावा असा मला संशय आहे. मी तपास केला नाही.

पहिले आठ दिवस भागवतर रोज काहीतरी निमित्त काढून अप्पांच्या छातीजवळ कान आणत. एकदा शालीचा काठ सारखा केला, एकदा खांद्यावरचा डास मारला. अप्पा निघण्याच्या पाव तास आधी डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे निळा घेत, देवळापर्यंत नाकावर मफलर धरून, नाकानंच श्वास घेत जात, आणि गायला लागल्यावरच तो खाली करत. नवव्या दिवशी भागवतरांनी कान आणला नाही. जावई तिसऱ्या रांगेत मोबाइल बघून म्हणत राहिला.

शेवटचा दिवस भोगीचा. भोगीला इथे पहाटे घरातलं जुनं पुराणं रस्त्यात आणून जाळतात. चटया, केरसुण्या, गाद्यांचा कापूस. टायर जाळू नये अशी दवंडी दरवर्षी फिरते, आणि टायर दरवर्षी जळतात.

"त्या दिवशी नाही, सार," डॉक्टर म्हणाल्या.

"एकोणतीस दिवस झाले. तिसावा सोडू?"

"सोडा."

"डॉक्टरम्मा, तिसावा सोडला तर एकोणतीस कोण मोजतो?"

बरीच घासाघीस झाली. शेवटी त्यांनी अटी घातल्या. तोंडावर मास्क. धूर दिसला की त्या रस्त्यानं जायचं नाही. छाती भरली तर तिथेच बसायचं, सांगितलंय तेवढा निळा टाकीतून घ्यायचा, आणि उतार पडला नाही तर थेट इस्पितळ. मी मागून चालायचं. मी एक रिक्षा ठरवली. तीही मागून आली, रिक्षावाला डोक्याला टॉवेल गुंडाळून, पहिल्या गिअरमध्ये, भजनात सामील झाल्यासारखा.

दोन रस्ते नीट गेले. तिसऱ्यात वळलो तेव्हा रस्ता स्वच्छ होता. मधोमध पोचल्यावर एका घराच्या दारात कोणीतरी ढिगावर काडी टाकली. आधी चटईचा पिवळा धूर आला, त्यामागून काळा. परत फिरेपर्यंत तो आमच्या अंगावर होता. भागवतरांनी ओळ म्हटली. ती उचलायला आवाज आला नाही. त्याऐवजी शिट्टी आली. मृदंग त्याच वेळी थांबला होता, त्यामुळे ती सगळ्यांना ऐकू गेली.

आम्ही त्यांना वाऱ्याच्या बाजूनं मागे नेलं आणि एका ओट्यावर बसवलं. अप्पांच्या हातात टाळ होते. टाकी धरायला दोन हात लागतात. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. सगळ्यांत जवळ जावई होता. त्यांनी टाळ त्याला दिले.

मग पिशवी उघडली. समोर दहा-बारा पुरुष, दारांत रांगोळीचे हात घेऊन उभ्या बायका, रिक्षावाला. उभ्या आयुष्यात चारचौघांत पाण्याच्या पेल्याला ओठ न लावलेल्या माणसानं पंप हलवला, टाकीत बसवला, नळी ओठांत धरली आणि डोळे मिटले. दाब. सावकाश श्वास. मांडीवर बोटं. आठ आणि दोन. थांबणं. पुन्हा.

भागवतर काही क्षण उभे होते. मग त्यांनी एक साधी नामावळी धरली, दोन ओळींची, कितीही वेळा म्हणता येते अशी. बाकीच्यांनी उचलली. ती त्यांनी सतरा वेळा म्हटली. मी मोजत होते, कारण घड्याळाकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं. बाराव्या वेळेला अप्पांचे खांदे खाली आले. पंधराव्या वेळेला त्यांनी डोळे उघडले आणि जावयाकडे पाहिलं.

"अर्धी मात्रा पुढे जातोयस," ते म्हणाले.

पूर्ण वाक्य एका श्वासात आलं होतं. मी रिक्षाकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली, ती 'हो'ची होती की 'नाही'ची हे मी आजही सांगू शकत नाही. चौथ्या रस्त्यावर धूर नव्हता. तो रस्ता अप्पा मास्क लावून, न गाता, सावकाश चालले. टाळ जावयाकडेच राहिले. देवळापाशी त्यानं ते पुढे केले.

"घ्या, सार. मला ताल येत नाही हे आज दोन रस्त्यांना कळलं."

अप्पांनी घेतले. भागवतर प्रसादाची रांग लावण्यात गुंतले होते, किंवा तसं दाखवत होते. दुपारी डॉक्टरांनी अप्पांची छाती तपासली आणि त्यांच्यापेक्षा मला जास्त बोलल्या.

दुसऱ्या दिवशी पोंगल. सकाळी सातला अप्पांनी टाळ काढले, चिंच लावून घासले आणि ओट्यावर, येणाऱ्याला दिसतील असे, फडक्यावर ठेवले. करार करार होता. शिट्टी ऐकू आली होती. ते पाटावर बसून आपला पंप घेऊ लागले. आई काही बोलली नाही, भिंतीशीसुद्धा नाही.

साडेसातला भागवतर आले. ओट्यावर न बसता थेट आत आले आणि अप्पांच्या समोर खाली बसले.

"तो," ते म्हणाले, आणि थांबले. "तो ओठांत धरायचा असतो?"

"हो."

"घट्ट?"

"घट्ट. का?"

"एका ओळखीच्यांसाठी विचारतो."

वृत्तपत्रात अशा माणसाला आम्ही सूत्र म्हणायचो. नाव न सांगण्याच्या अटीवर बोलतात, आणि बहुधा खरं बोलतात. मी वही शोधली नाही.

"तुमचे ओळखीचे कसा धरतात?" अप्पांनी विचारलं.

भागवतरांनी हात वर केला, मान मागे टाकली. ओठांपासून चार बोटं.

"किती वर्षं?"

"तीन. म्हणजे, ते म्हणतात तीन."

"त्यांच्याकडे तुळस आहे का?"

"आहे. का?"

"छान वाढली असेल," अप्पा म्हणाले, आणि रिकामा पंप आणायला उठले. पुढचा अर्धा तास आमच्या जेवायच्या जागेत ओव्हरहेड टाकीवर व्याख्यान झालं. आई आतल्या खोलीत गेली आणि जुन्या पातळाचा उरलेला काठ हातात धरून, लांबी बघत, बाहेर आली.

कॉफी आली. दोघांनीही ती वरून, चार बोटं अंतर ठेवून घेतली. भागवतर जायला उठले, ओट्यावर आले, आणि फडक्यावरच्या टाळांपाशी थांबले.

"हे बाहेर का ठेवलेत?" ते म्हणाले. "दव पडतंय, रायर. पितळ काळं पडेल. आत ठेवा."